त्रिशला सांगून गेली होती

"कुमुदताई, पटकन आत घ्या नि दार लावा," त्रिशला म्हणाली.

रविवारची सकाळ. मी नुकताच पेपर उघडला होता. दारात समोरच्या फ्लॅटमधली त्रिशला मगदूम उभी, एका हातात प्रवासाची बॅग, दुसऱ्या हातात चपला. चपला पायात घालायच्या सोडून हातात धरलेली बाई दारात आली की भानगड मोठी असते, एवढं वयानं मला शिकवलं होतं. मी तिला आत ओढलं, कडी घातली आणि विचारलं, "काय झालं? भांडलीस?"

"छे ओ. भांडायला समोरच्यानं मान वर करायला लागते."

"मग ही बॅग?"

"घर सोडून आलेय," ती म्हणाली. बॅग कोपऱ्यात ठेवली, ओढणीनं घाम पुसला आणि म्हणाली, "चहा आहे का?"

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी तेव्हा नुकतीच सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि जोडताना दोन वाक्यं कानावर पडली तर पडू द्यायची, अशी माझी नोकरी. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, कान मात्र तसेच राहिले. विश्रामबागच्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर दोनच फ्लॅट, समोरासमोर. त्यामुळे मगदूमांच्या घरातलं मला जरा जास्तच ठाऊक असायचं.

माणसं मात्र सोन्यासारखी. भरतेश मगदूम म्हणजे त्रिशलाचा नवरा. त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. स्वतःच्या घरात तुळशीपलीकडं एक कुंडी नाही, पण सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर परदेशातली ट्रॅक्टरं बघत बसायचा. मुलगा सम्मेद इंजिनियरिंगला. कानावर ते वाटीएवढे हेडफोन, आणि खोलीतून अधनंमधनं ओरडा, "डावीकडनं ये! डावीकडनं! मेलो!" पहिल्यांदा मी घाबरून धावत गेले होते. मुलगी अक्षता कॉलेजात. तिच्या ताटातली आमटी निवल्याशिवाय तिनं कधी खाल्लेली नाही, कारण आधी ताटाचे फोटो. आणि भरतेशची आई, अक्का, जैन रीतीप्रमाणं सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या. अक्का टीव्हीसमोर. सासू, सून, जावा, कटकारस्थानं, पुन्हा दुपारी त्याचंच पुनःप्रक्षेपण. अख्ख्या घरात मान ताठ असलेल्या अक्का एकट्याच, कारण टीव्ही भिंतीवर उंच लावला होता.

"सांगून आलीस का तशीच?" चहा ओतत मी विचारलं.

"सांगून म्हणजे? प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. ह्यांच्यापुढं बॅग घेऊन उभी राहिले. म्हटलं, अहो, मी निघाले. तर म्हणाले, हं. म्हटलं, घर सोडून निघाले. म्हणाले, बरं, येताना कोथिंबीर आण."

मला हसू फुटलं. "आणि सम्मेद?"

"त्यानं अंगठा दाखवला. अक्षता म्हणाली, आई, जाताना दार ओढून घे, आवाज येतोय."

"अक्का?"

"त्यांच्या टीव्हीत कुणाचा तरी साखरपुडा मोडत होता. त्यांना काय सांगायचं त्या टायमाला?"

ती इतकी शांतपणे सांगत होती, की मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. आणि चेष्टा म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी म्हणाले, "दुपारचं जेवण वाढायच्या वेळेला येतील बघ बोंबलत. आई कुठाय, आई कुठाय."

"नाही यायचे."

"लाव पैज. हरेल तिनं धपाटे करायचे."

"लोण्यासकट," त्रिशला म्हणाली आणि पैज ठरली.

माझ्या दाराला बाहेर बघायचं भिंग आहे. मी त्याच्यापुढं स्टूल ओढला. एकीनं बघायचं, दुसरीनं विचारायचं, असं आमचं सुरू झालं.

"काय दिसतंय?"

"दार. बंद आहे."

"आता?"

"आता पण दार."

जेवणाची वेळ झाली आणि जिन्यात पावलं वाजली. मी म्हणाले, "आला बघ कोणतरी!" आलं ते खाण्याचं पार्सल घेऊन एक पोरगं. त्यानं मगदूमांची बेल वाजवली. भरतेशनं दार उघडलं. डोळे मोबाइलवर, दुसरा हात पुढं. पार्सल समजून त्यानं आधी त्या पोराचं हेल्मेटच धरलं. पोरानं हेल्मेट सोडवून घेतलं, पार्सल हातात दिलं, दार बंद.

"मागवलं बाहेरनं?" त्रिशला उसळलीच. "अहो, ओट्यावर दोडक्याची भाजी केलीय, भाकरी केल्यात, वाटाण्याची आमटी झाकून ठेवलीय! झाकण उचलायचं होतं नुसतं! थांबा, सांगून येते."

तिचा हात कडीवर गेला होता. मी तिला मागून कमरेला धरलं. "अगं, घर सोडलंयस ना तू?"

"घर सोडलंय, भाजी नाही सोडलेली. आंबेल ती."

"आंबू दे."

ती परत येऊन बसली, पण बराच वेळ चुळबुळत होती. मी तिला माझ्यातला वरण-भात वाढला. ती जेवत असतानाच तिचा मोबाइल टुणकन वाजला. मगदूमांच्या वायफायची रेंज माझ्या हॉलपर्यंत यायची. खरं सांगायचं तर मीही त्यावरच भजनं ऐकायची. इमारतीत नुसत्या मोबाइलला रेंज हवी तर गच्चीत जावं लागे, त्यामुळे ती एवढीशी डबी म्हणजे आमच्या मजल्याचं कुलदैवतच होतं.

त्रिशलानं मोबाइल माझ्यापुढं धरला. घरातल्या चौघांचा ग्रुप. अक्षतानं लिहिलं होतं, "आई, निळ्या टॉपला इस्त्री."

"एका घरात राहून मेसेज करता तुम्ही?" मी विचारलं.

"हाक मारायची तर हेडफोन काढायला लागतात ना." तिनं उत्तर लिहिलं, "बरं."

थोड्या वेळानं भरतेशचा मेसेज. "चहा?"

त्रिशलानं लिहिलं, "टाकते."

आम्ही दोघी मोबाइलकडं टक लावून बसलो. आता चहा येणार नाही, आता माणूस उठेल, स्वयंपाकघरात जाईल, बायको नाही बघून घाबरेल. मी तर भिंगाला डोळा लावून तयार. मोबाइल पुन्हा वाजला.

"काय म्हणतोय?"

"साखर कमी घाल, म्हणतायत."

मी हसून हसून स्टुलावरून पडायची राहिले. पण वळून बघितलं तर त्रिशला हसत नव्हती. मोबाइल मांडीवर पालथा ठेवून ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

मला वाटलं, झालं, मस्करीची कुस्करी झाली. बाईच्या जिवाला लागलं. मी जवळ जाऊन म्हणाले, "त्रिशला, जा बाई घरी. पैज मी हरले. धपाटे करते. ते काय वाईट नाहीत गं, नादावलेत नुसते."

"मला माहितीय की ते वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण नाही जात. मला संध्याकाळपर्यंत बघायचंय."

"काय बघायचंय?"

"बघू," ती म्हणाली. आणि मग ती माझ्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन चक्क झोपली. भर दुपारी झोपलेली त्रिशला मी तोवर कधी बघितली नव्हती. बॅग तशीच कोपऱ्यात. टोक गाठणारी बाई नव्हे ती. पण शांत माणसाचं काही सांगता येत नाही. ती खरंच कुठं निघाली असेल तर? मी उगीच भिंगातून बघत बसले. एक मांजर आलं, मगदूमांच्या पायपुसण्यावर बसलं, गेलं. दार बंद ते बंदच.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते दार उघडलं.

बाहेर आल्या अक्का. हातात काठी. पदराखाली काहीतरी फुगलेलं. त्यांनी आपल्या मागं दार अलगद ओढून घेतलं, चोरासारखं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ माझ्या दाराशी येऊन काठीच्या टोकानं ठोकलं.

"कुमुद, उघड गं. सूनबाई हाय न्हवं हितं?"

त्रिशला धडपडून उठली. मी दार उघडलं. अक्का आत आल्या, सुनेला नखशिखांत न्याहाळलं, आणि सोफ्यावर टेकून म्हणाल्या, "जेवलीस का?"

"अक्का, तुम्हाला कसं कळलं मी इथं आहे?"

"मी काय आंधळी हाय? सिरियलीत दर आठवड्याला एक तरी सून घर सोडती. बॅग घिऊन कोण भायेर पडलं की मला वासच येतोय. तू ह्या दारात शिरलीस ते मी बसल्या जाग्यावरनं बगितलं, दार उगडंच टाकून गेलतीस की, मागनं वाऱ्यानं लागलं."

"मग अडवायचं नाही होय मला?"

"आडवणारच हुते," अक्का म्हणाल्या, "पर जाहिरात लागंना." मग आवाज खाली आणला. "आणि म्हनलं, बघू तरी माझा ल्योक कवा उठतोय. सकाळधरनं एक डोळा टीव्हीवर आणि एक त्याच्यावर. ट्रॅक्टर बघून बघून त्याची मान नांगरागत वाकलीया, पर उठला न्हाई. मगाशी तोंडानं पुटपुटत मोबाइलात च्या मागिटला त्यानं. कुणी दिला न्हाई. तरी गप. मला वाटतं, च्या पिऊन झाला असंच वाटलं आसल त्याला."

आता मात्र त्रिशला हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हसू नगंस," अक्का म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत माझं जेवान व्हायाला पायजे. दोनदा हाक मारली. कुणी ऊं का चूं केलं न्हाई. मग मी म्हनलं, थांबा लेकानू." आणि त्यांनी पदराखालून ते फुगलेलं बाहेर काढलं.

वायफायची डबी होती. काळी, दोन शिंगांची, वायर शेपटासारखी लोंबतेय.

"ह्यातनंच येतंय न्हवं त्यांचं समदं? आनली उपटून. टीव्ही तेवडा चालू ठिवलाय, म्हंजी मी हाय असं वाटंल."

पुढचं सगळं कानांनी ऐकायचं होतं, आणि कान तर माझे तयारच. समोरच्या घरात आधी सम्मेदचा आवाज उठला, "ए! ए! काय झालं?" मग अक्षताचा, "दादा, तू काही केलंस का?" मग भरतेशचा, "आई! त्रिशला! अगं, नेट गेलं!" खुर्च्या सरकल्या. दारं आपटली. एका दिवसात त्या घरात झाली नसेल एवढी धावपळ तेवढ्यात झाली. "त्रिशला, नेट गेलं गं!" ही हाक तर जिन्यापर्यंत आली.

"पहिली हाक," त्रिशला पुटपुटली.

आणि माझी बेल वाजली.

त्या दोघींना मी खूण केली, गप बसा. दार उघडलं. सम्मेद उभा. हेडफोन गळ्यात, नजर मोबाइलवर. "काकू, तुमच्याकडं वायफाय आहे का? आमचं गेलं."

"आहे की," मी म्हणाले. "आजच आलंय. ये आत."

तो आत आला. मोबाइल वर धरून, खाली धरून, रेंज शोधत हॉलभर फिरला. सोफ्यापाशी आला. "आई, जरा सरक ना," म्हणाला, आणि आई सरकली तशी तिच्या नि आजीच्या मधे बसला. "काकू, नाव दिसत नाहीये. पासवर्ड काय तुमचा?"

मी तर पदर तोंडात कोंबला होता. सम्मेदनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग डावीकडं, आजीकडं. आजीच्या मांडीवरच्या डबीकडं. मग उजवीकडं, आईकडं. आणि तिकडून त्याची नजर कोपऱ्यातल्या बॅगेवर गेली.

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान पोराचा झाला. "तू कुठं निघालीस?"

"पप्पांना नि अक्षताला बोलाव," त्रिशला म्हणाली.

ते आले. भरतेश दारातच थबकला. "तू इथं काय करतेस? आम्हाला वाटलं आत आहेस."

"सकाळी सांगून निघाले होते मी."

"कधी?"

"तुम्ही कोथिंबीर आणायला सांगितली तेव्हा."

त्याला कोथिंबीर आठवली असावी, कारण तो मटकन माझ्या स्टुलावर बसला. अक्षता रडायलाच लागली. भरतेश म्हणाला, "चुकलं आमचं. चल घरी. उद्यापासनं मोबाइल बंद. शपथ घेतो. देवाची."

"शपथा नकोत," त्रिशला म्हणाली. "मी तुम्हाला शिक्षा करायला नाही आले इथं. मला एक बघायचं होतं, ते बघून झालं."

मग तिनं जे सांगितलं ते मला, तिच्या समोरच्या दारातल्या मला, इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. लग्नाआधी तिनं कर्णबधिर मुलांना शिकवायचा डिप्लोमा केला होता. लग्न झालं, सम्मेद झाला, अक्षता झाली, ते राहून गेलं. आता तिच्या बरोबर शिकलेली एक मैत्रीण गारगोटीजवळ अशा मुलांची निवासी शाळा चालवत होती, आणि तिला बाई हव्या होत्या. आठवडाभर तिथं राहायचं, शनिवारी घरी यायचं. मैत्रीण उन्हाळ्यापासून फोन करत होती, आणि त्रिशला प्रत्येक वेळी एकच उत्तर देत होती, की नको गं, माझ्याशिवाय घरच्यांचं पान हलत नाही.

"काल तिचा शेवटचा फोन आला. आज संध्याकाळपर्यंत सांग म्हणाली. म्हणून म्हटलं, एकदा बघू तरी, पान हलतंय का."

"अगं पण आमचं कसं होणार?" भरतेश म्हणाला.

"आज झालं की."

"आज तू समोरच होतीस!"

"ते तुम्हाला कुठं माहीत होतं?"

एक्स्चेंजमध्ये अशी वेळ यायची. दोन्ही टोकांना माणसं असायची आणि लाइनवर कुणीच बोलत नसायचं. भरतेशनं अक्कांकडं बघितलं, आई तरी आपली बाजू घेईल म्हणून.

अक्का सुनेकडं बघत होत्या. "ती पोरं बोलत न्हाईत?"

"शिकवलं की बोलतात, अक्का. ओठ बघून, हात बघून."

"म्हंजी तुज्या तोंडाकडं बगत बसनार ती? दिवसभर?"

"हो. बघितलं नाही तर त्यांना काही कळतच नाही."

अक्कांनी मान हलवली. मग काठीला हात घातला. "जा तू. ह्यांचं मी बघती. ही डबी माज्याजवळ ऱ्हाईल. दिवस मावळायच्या आत माझं ताट आलं, की लावीन. न्हाई आलं, तर न्हाई."

"आणि तुमचा टीव्ही, अक्का?" सम्मेदनं चाचरत विचारलं.

"टीव्हीला डबी लागत न्हाई," अक्का म्हणाल्या. "तू जा, भाकरी गरम कर. सकाळची हाय ओट्यावर. झाकन उचलायचं असतंय, म्हाईत हाय का?"

त्रिशलानं मैत्रिणीला तिथूनच फोन लावायला घेतला. इमारतीत रेंज नाही म्हणून गच्चीत गेली. ती वर जाताना तिची पावलं मी ऐकली. ती दोन-दोन पायऱ्या चढत होती.

पुढच्या सोमवारी ती गेली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात भरतेशनं आमटीत मीठ दोनदा घातलं आणि भात तीन वेळा करपवला. सम्मेदच्या भाकरीला कोपरे असायचे. अक्षता त्या भाकरीचे फोटो काढून आईला पाठवायची. पण ते खायची. आणि अक्कांची डबी कधी उशाशी, कधी देव्हाऱ्यात, कधी तांदळाच्या डब्यात. संध्याकाळ झाली की समोरच्या घरातून भांड्यांचे आवाज यायचे आणि तिघं एकमेकांवर ओरडायचे, तोंडानं. मला ते ओरडणं भजनापेक्षा गोड लागायचं. शनिवारी त्रिशला आली की जिन्यातच गोंधळ. पोरं बॅग घ्यायला खाली पळायची. भरतेशची ट्रॅक्टरं सुटली नाहीत. पण शनिवारी ती ट्रॅक्टरं जागीच उभी असायची.

दिवाळीनंतर मी एकदा गारगोटीला गेले. शाळा लहानशी, कौलारू, पुढं अंगण. अंगणात पोरं गोल करून बसली होती आणि मधे त्रिशला काहीतरी गोष्ट सांगत होती. हातानं, भुवयांनी, गालांनी, अख्ख्या अंगानं. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिला एवढा चेहरा आहे हे मला माहीत नव्हतं. मी कुंपणाशी उभी राहून हाक मारली, "त्रिशला!" पोरांपैकी कुणी हललं नाही. तिला मात्र ऐकू आलं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, हसली, "अगंबाई, कुमुदताई!" म्हणाली.

गोष्ट मधेच थांबली होती. तिच्या पुढ्यातली एक चिमुरडी गुडघ्यांवर उठली, दोन्ही हातांनी त्रिशलाची हनुवटी धरली आणि तिचं तोंड जोरात आपल्याकडं वळवून घेतलं.